बाबांचं डिस्चार्ज बुक

आलापल्ली, मंगळवार संध्याकाळ

सैनिकांच्या बँकेतला बाबू म्हणाला, "बाई, फौजीच्या पोरीलेबी मेंबर होता येते. फक्त वडिलांचं फौजेतून सुटल्याचं डिस्चार्ज बुक आणा."

बाकी बँकांनी माझ्या पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज द्यायले नाई म्हटलं, हीच एक उरली होती.

बाबा गेले तेव्हा आमच्या रीतीनं त्यांच्या वस्तू त्यांच्यासंगं मातीत ठेवल्या. ताट, काठी, अन् ते बुक. माय म्हणे, "बुक राहू दे, कामी पडन." मीच म्हटलं, जन्मभर जपलं, त्यांनाच देऊ. काऊन म्हटलं असन मी?

आता उकरू? बाबांना?

बुक ओलं होऊ नये म्हणून मीच प्लास्टिकच्या दोन पन्न्यांत गुंडाळलं होतं. अजून कोरडंच असन.