बावीस फुटांचा ओढा आणि दोन रेडिओ

प्रिय पोकुआताईस,

धाकट्या दुफीचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो, आणि भावजी औषधं वेळेवर घेतात ना? आम्ही इकडे मजेत. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस, म्हणून पत्र.

मंगळवारी सकाळी दुकानात शिवत बसले होते आणि रेडिओवर सरकारी बाजूचा न्यामेकये बोलत होता (आवाज गोड, माणसाची खात्री नाही). म्हणाला, आपल्या गावच्या ओढ्यावर पूल झाला, मुलं कोरड्या पायांनी शाळेत जातात. ताई, माझ्या दुकानाचं मागचं दार त्याच ओढ्यावर उघडतं. पुलाची लाकडं गेल्या निवडणुकीपासून काठावर पडली आहेत. कोनादूमावशी त्यांवर मिरच्या वाळवते. मी फोन लावला आणि पूल नाही असं सांगितलं. त्याने विचारलं, "बाई, तुम्ही कोणत्या बाजूच्या?" मी म्हटलं, "ओढ्याच्या या बाजूची." त्याने फोन कापला आणि मी विरोधकांची पढवलेली बाई आहे, असं सगळ्यांना सांगून टाकलं.

तासाभरात विरोधी बाजूच्या रेडिओवरच्या अग्येमांगने माझा नंबर शोधला. त्याच्या रेडिओवर मी लगेच शूर बाई ठरले. मग म्हणतो, पूल कोसळून तीन मुलं वाहून गेली ना? मी म्हटलं, "नसलेला पूल कोसळेल कसा? मुलं धडधाकट आहेत, आत्ताच दोघांनी माझ्या भिंतीवर चिखल फेकला." "पण वाहून जाऊ शकली असती की नाही?" "शकली असती." झालं, साक्षीदाराने दुजोरा दिला म्हणे. मी ओरडून खोडलं, तर संध्याकाळपर्यंत सरकारची हेर ठरले.

गावाने आवाज ओळखला होताच. अर्धं गाव सकाळीच माझ्याशी बोलायचं थांबलं, उरलेलं संध्याकाळी. चर्चच्या गायकवृंदाचे बावीस झगे शिवायला आले होते, त्यांचंही कापड परत नेलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण मी एक शब्दही मागे घेतला नाही.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर मी फाटकात उभी राहिले आणि दोन्ही पक्षांच्या गावप्रमुखांना म्हटलं, चला, मोजू. सगळं गाव मागून आलं. शिवणाच्या टेपा एकीला एक जोडून धरल्या. ओढा बावीस फूट, पूल शून्य. दोघांना आकडा लिहून सह्या करायला लावल्या. सही करताना एकाचा बूट चिखलात रुतला, तो दुसऱ्याने ओढून काढला, आणि मग लोक जे हसले ते थांबेनात. कोणीतरी मिरच्या गोळा केल्या, पुरुषांनी लाकडं उचलली. अंधार पडायच्या आत मुलं पलीकडे पळत होती. सोमवारी झग्यांचं कापड परत आलं, आणि दोन्ही रेडिओंनी पूल आपणच बांधल्याचं सांगितलं.

भावजींना नमस्कार.

तुझी,
दुफी

ता. क. रेडिओ ऐकणं मी कायमचं सोडलं आहे. (फक्त सकाळचा, आणि दुपारी तोच परत लागतो तेव्हा.)

आणखी एक. दोन्हीकडे नाव विचारलं तेव्हा घाईत मी तुझं सांगितलं, टाकोराडीच्या इस्पितळातली मुख्य परिचारिका असंही म्हटलं, म्हणजे जरा वजन पडतं. शनिवारी एक पक्ष तुझ्या दारात निदर्शनं करणार आहे आणि दुसरा सत्कार. कोणता पक्ष काय करणार ते मला नीट कळलं नाही. दोघांनाही बसायला सांग, आणि ठामपणे बोल. आपल्या घरात कोणी कच खात नाही.