बाक रिकामाच राहिला

धाकटे, तुझ्या म्हाताऱ्या दादाचे पोटभर आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

काल आमची नागरिक समिती पोलिस कोठडी तपासायला गेली. हल्ली आदल्या दिवशी कळवूनच जावं लागतं, त्यामुळे पाहुणे येणार म्हणून घर झाडावं तशी कोठडी लख्ख होती. कैद्याला साहेबांसमोरच विचारायचं. तो म्हणाला, "काही त्रास नाही."

मी म्हटलं, "मग बस की बाबा." समोर बाक असून तो उभाच राहिला. इतकं मारलं होतं की बसताच येईना.

बाकीच्यांनी 'सर्व ठीक' म्हणून सह्या ठोकल्या. मी लिहिलं, 'माणसाला बसता येत नाही.' आज समितीतून माझंच नाव काढलं. तो आतच आहे.

गुरुवारी घरी येतो. त्याआधी कुणी माझी चौकशी करत आलं, तर दार उघडू नकोस.

तुझा हट्टी दादा