रबरी पँट आणि चटणीचं पिंप

९ मार्च
सीझन संपला. कळंबा तलावावरचे चक्रवाक परत गेले. एकही फोटो जवळून मिळाला नाही, त्याला पक्षी जबाबदार. आता खरं काम, म्हणजे सामानाची निगा. पाण्यात उतरायची, छातीपर्यंत येणारी रबरी पँट एक, पक्ष्यांना भुलवायला पाण्यावर सोडायची प्लॅस्टिकची बदकं सहा. शेजारच्या चन्नाप्पांनी परत विचारलं, शिकारीला जाताय काय. शिकारीला बंदी आहे, मी फक्त कॅमेऱ्याने करतो, असं चौथ्यांदा सांगितलं.

१० मार्च
संकल्प: आठ दिवसांत सगळं धुऊन, वाळवून, पॅक. संयोगिता म्हणाली, चिखल हाय तोवर पँट घरात आणायची न्हाय. बायकोशी वाद नको. बाल्कनीत ठेवली, तात्पुरती.

२ एप्रिल
पँट बाल्कनीत. घाई केली की रबर खराब होतं.

२८ एप्रिल
संयोगिता आपणहून म्हणाली, पुढच्या सीझनला पहिल्या दिवशी मी पण येते, एवढं काय करता ते बघू तरी. बारा वर्षांत एकदाही आलेली नाही. मला फार बरं वाटलं. तिच्यासमोर चक्रवाकाचा फोटो काढायचाच. तोपर्यंत पँट नव्यासारखी राहिली पाहिजे.

६ मे, सकाळी ७
पँट धुतली. चिखल निघायला पाऊण तास. उलटी करून वाळत घातली.

११ मे
सामानाच्या निगेच्या एका व्हिडिओत सांगितलंय, सामान हवाबंद ठेवा, ओलाव्याचा थेंब नको. आईनं काल वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, कांडून आणली. ती बरण्यांत भरली आणि झाकणाचं मोठं पिंप रिकामं झालं. एकदम हवाबंद. आई म्हणाली, आधी घासून घे की. घासलं की ओलावा आला, हे तिला समजावलं. तिला पटलं नाही. कोरड्या फडक्याने पुसलं, दोनदा. पँट उलटीच घडी करून आत, वर बदकं, झाकण फिट्ट.

२० जुलै
आठवडाभर पाऊस. कपाटातल्या चपलांना बुरशी. आमच्या पक्षिमित्र ग्रुपचा प्रमुख शशिधर, त्याच्या पँटलाही बुरशी. त्याला फोनवर अर्धा तास मार्गदर्शन केलं. म्हणाला, पुढच्या वर्षी समद्यांच्या पँटा तुमच्याच घरात ठिवतो. बघू म्हटलं. जबाबदारीचं काम आहे.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
पिंप उघडलं. बुरशीचा एक ठिपका नाही. आतलं अस्तर जरा लालसर, मुरलं असावं. वास घेतला आणि भूक लागली. संयोगिताला दाखवलं. ती सात वेळा शिंकली. थंडी सुरू झालेली दिसते.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी १०
सहा पन्नासला पाण्यात शिरलो. आत नेहमीप्रमाणे फक्त हाफ चड्डी. चक्रवाकाची जोडी चाळीस फुटांवर. संयोगिता काठावर, मोबाईल घेऊन. सात वाजता पायांना ऊब. पँटचा दर्जा उत्तम. सात पाचला मांड्या. सात सातला मी पाण्याबाहेर होतो आणि पँटच्याही. कुणाला काही सांगावं लागलं नाही, ओरडणं पलीकडच्या काठापर्यंत गेलं. घाबरलेली जोडी उडाली ती संयोगितापासून दहा फुटांवर उतरली. तिने फोटो काढला. मग टॉवेल आणून दिला.

१७ नोव्हेंबर
आडवा आहे. खोबरेल तेल. यंदा चटणी इतकी तिखट कशी, आईला विचारलं. म्हणाली, न्हेमीचीच हाय. संयोगिता काल घरी येईपर्यंत एकदाही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर
ग्रुपवर सगळीकडे संयोगितानं काढलेला चक्रवाकाच्या जोडीचाच फोटो. शशिधरनं तिला रविवारी परत बोलावलंय. मला बोलावलंय का, ते मी विचारलं नाही. ती म्हणाली, तुमची पँट मला सैल हुईल, पण चालतंय. शनिवारपर्यंत तीन पाण्यानं धुऊन, वाळवून ठेवा.
रबराची घाई करू नये, हे मी तिला सांगणार होतो. सध्या पिंप घासतोय.