खुर्चीमागचा फोटो

प्रिय सोनम,

फोनवर हे बोलायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते आहे. परवा निपाणीहून, तुझे आप्पा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाहून, बेळगावला परत आले तेव्हापासून कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. सांबऱ्याला एका बारशाचं काम होतं, तेही दुसऱ्याला देऊन टाकलं.

माझी ती जुनी लेन्स तुला आठवत असेल. कोल्हापुरातल्या बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आणलेली, रिळाच्या जमान्यातली. मधे एक कडं बसवलं की ती माझ्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढते. पण फोकस आपोआप होत नाही. रिंग हातानं फिरवायची, आणि स्क्रीनवर हव्या त्या माणसाच्या कडा लाल दिसल्या की बटण दाबायचं. माणूस जरा मागंपुढं झाला तरी हुकतं. जमलं तर मात्र चेहरा असा मऊ उतरतो, की त्याच फोटोंमुळे लोक मला ओळखायला लागले होते. तुझ्या लग्नात मी तीच लावून मिरवत होते. आपोआप फोकस करणारी लेन्स बॅगेतच राहिली. तुझ्या लग्नापेक्षा मला माझ्या नावाची काळजी जास्त होती.

विक्रम कंग्राळीचा, दुसऱ्या समाजातला, म्हणून आप्पा कितीतरी महिने तुझ्याशी बोलत नव्हते. लग्नाला आले, पण पाहुण्यांना वाढत खालीच फिरत राहिले. तू स्टेजवरून सारखी त्यांच्याकडे बघत होतीस. आप्पा गेले त्या संध्याकाळी तू मला त्यांचा नि तुझा एखादा फोटो मागितलास. मी म्हटलं, तसा एकही नाही गं. आणि पंगतीच्या फोटोतून त्यांचा चेहरा तेवढा कापून पाठवला.

तसा फोटो आहे, सोनम. तू आणि विक्रम स्टेजवर खुर्च्यांत बसून त्याच्या मामांशी बोलत होता. आप्पा मागच्या पायऱ्यांनी वर आले आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, “नीलम, आमचा दोघांचा एक काढ की गं. तिला हाक मारू नगं, रडंल ती.” मग तुझ्या मागं उभं राहून त्यांनी तुझ्या डोक्यावर हात धरला, केसांना न लावता. मी रिंग फिरवत राहिले. लाल कडा आल्या त्या तुझ्या गजऱ्यावर, आप्पांचा चेहरा धूसरच राहिला. त्यांना थांबवायच्या आत ते डोळे पुसत उतरून गेले. नंतर त्यांनी फोन करून तो फोटो मागितला, एकदा नाही, दोनदा. देते आप्पा, म्हणत मी टाळत राहिले. असला हुकलेला फोटो माझ्या हातचा म्हणून कुणी बघू नये, एवढंच डोक्यात होतं. ते वाट बघतच गेले.

परवा सगळे पांगल्यावर तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस आणि म्हणालीस, “आप्पांनी मला शेवटपर्यंत जवळ केलं न्हाय गं.” खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी नुसती तुझी पाठ थोपटत बसले. ते गप्प बसणं मला आता सोसवत नाही, म्हणून हे पत्र. फोटो सोबत ठेवला आहे. चेहरा ओळखू येणार नाही, त्याला आता इलाज नाही. पण ते आले होते, सोनम. तू मामांकडे बघून हसत होतीस, आणि ते तुझ्या मागं उभे होते.

तू म्हणशील तर तुझीच,
नीलम