दोघांनी जायचं, एकानं परतायचं

१७ फेब्रुवारी

पोचले एकदाची! पिंपळगाव रेणुकाईला उतरले तर हवेत मिरचीचा खकाणा, डोळ्यांतून पाणी, आणि समोर सोमेश्वर मोटारसायकल घेऊन हजर. बारा वर्षांपूर्वी निसर्गशिबिरात भेटला होता तसाच आहे, काटकुळा आणि हट्टी. धावड्याच्या पुढे मेंढपाळांची वस्ती आहे. तिथं त्याचे चुलते पुंजारामभाऊ यांच्या घरी माझी सोय केलीय. वस्तीमागचा गवताळ माळ लांडग्यांचा, पण आता तिथं खडीकेंद्र यायचं घाटतंय. पिल्लांसोबत लांडगीण, मागे हा माळ, असा फोटो मिळाला तर माळ राखीव करायच्या मागणीला बळ येईल. म्हणून त्यानं मला बोलावलं. रजा मागताना साहेबांनी तोंड वाकडं केलं होतं, ते इथलं गवत बघून मी विसरलेच.

१८ फेब्रुवारी

आज लपणात बसले. ओढ्याच्या काठात अर्धी पुरलेली दगडी खोपी, वर गवत, पुढे लेन्सपुरती फट, समोर पाणवठा. सोमेश्वरची रीत ठरलेली आहे. जनावर माणसावर नजर ठेवून असतं, पण त्याला मोजता येत नाही. म्हणून दोघांनी जायचं, एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं मोठ्यानं गात उघड्यावरून परतायचं. जनावराला वाटतं, माणूस गेला. तो इतका बेसूर गातो की लांडग्यांआधी मीच पळाले असते. दाराला बाहेरून दगड लावतो, वाऱ्यानं हलू नये म्हणून, आणि दुपारी येऊन काढतो.

पाच लांडगे आले. पिवळं गवत, मागे अजिंठ्याच्या डोंगरांची निळी रांग. मला चक्क रडू आलं.

१९ फेब्रुवारी

वस्तीवर माझे नुसते लाड चाललेत. रोज नव्या घरी जेवण. पुंजारामभाऊ सांगत होते, तीन वर्षांत लांडग्यानं एक मेंढरू नेलं नाही. राखणीला कुत्रीसुद्धा ठेवलेली नाहीत. हे जमलं कसं, विचारलं, तर म्हणाले, "आमी त्यांचं बराबर बघतो, मंग ते आमचं बघतेत." ही सगळी सोमेश्वरची मेहनत. मित्राचा असा अभिमान कधी वाटला नव्हता.

पुंजारामभाऊंची बायको, सत्यशीलाबाई, यांनी माझी ओटी भरली. चार दिवसांच्या पाहुणीला एवढं कशाला, म्हटलं, तर त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

२१ फेब्रुवारी

फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येक फोटोत लांडगे सरळ माझ्याकडे बघताहेत. आधी हरखले, असे डोळे मिळायला नशीब लागतं. मग लक्षात आलं, एकही लांडगा अजून पाणी प्यायलेला नाही. येतात, फटीसमोर बसतात, बसून राहतात. सोमेश्वरचं गाणं ऐकून लांब जायला हवेत. हे तर गाणं ऐकूनच येतात.

त्याला विचारलं. हसला, सवय झालीय त्यांना म्हणाला. कशाची, ते सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी

भाकरी थापता थापता सत्यशीलाबाई हळूच बोलल्या. "ताई, गेल्या साली बी एक पोरगा आल्ता क्यामेरा घेऊन. त्याला बी मी असंच खाऊ घातलं. तुमी आजच्या आज जा. कुनाला सांगू नका." पुंजारामभाऊ दारात आले तशा त्या तव्यावरची भाकरी उलटू लागल्या.

मी सांगितलंच, सोमेश्वरला. तो पोरगा आजारी पडून घरी गेला, काकू फार हळव्या आहेत, म्हणाला. पिल्लं आजच बाहेर दिसलीत. उद्याची एक सकाळ थांब, माळासाठी थांब.

बारा वर्षांची मैत्री आहे. थांबते.

२३ फेब्रुवारी

लपणात. गाताना आज त्याचा आवाज फुटला. दाराला दगड बरेच लावले, मोजत नव्हते पण ऐकत होते. मोबाईल चार्ज करून आणतो म्हणून घेऊन गेलाय.

कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवताना माती निघाली. खाली कॅमेऱ्याचा पट्टा. ओढला तर आणखी एक. मग तिसरा —

दार हलत नाही. हाका मारल्या. फटीतून दिसतोय, सोमेश्वर बांधावर बसलाय, पाठ माझ्याकडे. माझं नाव त्याला ऐकू जातंय, खांदे हलतात. वळत नाही.

वस्तीला सगळं माहीत होतं. रोजचं जेवण, ओटी, सगळं. आणि तू, सोमेश्वर. माळासाठी म्हणालास. सख्ख्या भावावर टाकला नाही एवढा विश्वास टाकला रे तुझ्यावर. खोटं बोलताना माझ्या डोळ्यांत कसा बघू शकलास —

समोर लांडगे नाहीत. आत्ताच होते.

पाठीमागं उकरताहेत. माती पडतेय मानेवर.

पुंजारामभाऊ कळप घेऊन आलेत. मी ओरडले, भाऊ, भाऊ. ते थांबले. पागोटं काढलं. लपणाकडं तोंड करून हात जोडलेत. देवाला जोडावेत तसे. मेंढरं चरताहेत, लांडगीण त्यांच्यातून चालत येतेय, मागं पिल्लं, एकही मेंढरू मान वर —