ढवळायचं नाही

१७ जुलै १९८४, मंगळवार

डोलोरसचा फोन! नऊ वर्षांनी! माझ्या सख्ख्या भावाची बायको, आणि बोलली अशी की जणू परवाच भेटलो होतो.

"मोझेल, मी डोलोरस. मेकनहून." मेकनहून म्हणे! जशा काही माझ्या ओळखीत छप्पन्न डोलोरसा आहेत.

"बोला," म्हटलं. मुद्दाम अहो-जाहो केलं.

तर बाईसाहेबांना आईच्या त्या भाजलेल्या गोडाची, पीच कॉब्लरची कृती हवी आहे. "अगदी बारीकसारीक लिहून पाठवशील का? मला त्यातलं काही म्हणजे काही येत नाही." ते मला ठाऊक आहे गं बाई. कशाला हवी म्हणून विचारलं तर अडखळली. मग म्हणाली, "या वर्षी आम्ही होमकमिंगला येतोय."

अस्सं! म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, चर्चच्या आवारात, गाव सोडून गेलेले सगळे परत आलेले असताना, त्या लांबलचक टेबलावर आईचा कॉब्लर ठेवला जाणार — आणि तो ठेवणार ही!

"पाठवते," म्हटलं. फोन आपटलाच. रागानं. दुसरं काही नाही.

१८ जुलै, बुधवार

तवा विसरलेली नाही. मरेपर्यंत विसरणार नाही.

आईचा बिडाचा खोल तवा. आधी आजीचा, मग आईचा. साठ वर्षं त्याला साबण लागला नव्हता. गरम पाण्यानं पुसायचा, चरबीचा हात फिरवायचा, की झालं. आत काळा, गुळगुळीत, तोंड दिसेल इतका. आई गेली, आणि तवा माझ्या भावाकडे, हॉइटकडे गेला, कारण मीच मोठेपणा करून म्हटलं, घेऊन जा, तुला तिच्या हातचं जास्त आवडायचं. तीन आठवड्यांनी टोमॅटो द्यायला म्हणून त्यांच्याकडे गेले तर तवा भिंतीवर! तारेच्या घासणीनं घासून घासून पांढराफटक केलेला, आणि त्यावर रंगानं चित्र काढलेलं! लाल कोठार, कोंबड्या!

"किती घाण बसली होती गं त्यावर," डोलोरस म्हणाली. "तीन दिवस लागले मला."

घाण! ही ओहायोची, उत्तरेकडची माणसं!

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण तिला एक वेळ कळलं नसेल, हॉइटला तर कळत होतं? तो काय म्हणाला? "तवाच आहे ना, ताई." बस्स. टोमॅटो तिथंच टेबलावर टाकले आणि निघून आले. त्यानंतर त्यांची नाताळची कार्डं आली ती न उघडता परत पाठवली. नऊच्या नऊ.

१९ जुलै, गुरुवार

हमरस्त्यावरच्या मांडवातून एल्बर्टा जातीचे पीच आणले. देठाशी नुसता अंगठा टेकवला तर वास सुटत होता. कृती लिहायची तर आधी एकदा नीट करून पाहावी म्हटलं. आईनं कधी कागदावर लिहिलीच नाही.

पीच उकळत्या पाण्यात टाकले, काढले, सालं हातानंच निघाली. फोडी करून साखर लावून ठेवल्या. सालं आणि बिया थोड्या पाण्यात उकळून ते गुलाबी पाणी आटवलं आणि फोडींवर ओतलं. (हे कुणाला सांगायचं नाही. आईनं पाद्र्यांच्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.) ओव्हन तापवला. भांड्यात लोण्याचा गोळा टाकून आत ठेवला. मैदा, साखर, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दूध, असं सैलसर पीठ केलं. लोणी चुरचुरायला लागल्यावर त्यात पीठ ओतलं आणि त्यावर फोडी.

आणि इथं थांबायचं! चमचा लावायचा नाही. ढवळायचं नाही. खाली गेलेलं पीठ आपलं आपण वर चढतं, फळाला झाकतं आणि कडेनं खरपूस होतं. ढवळलं की संपलं. मग नुसती खळ होते, वर पापुद्रा नाही, आत कच्चट. आई आम्हा दोघांना हात पाठीमागे बांधून उभं करायची. "ढवळायचं नाही!" हॉइटनं एकदा ढवळलं होतं. सहा वर्षांचा होता. आईनं तो लगदा त्याच्यापुढे ठेवला. "केलास ना? आता खा." रडत रडत खात होता. निम्मा मी खाल्ला, आईची पाठ वळल्यावर.

ते असो.

आजचा उत्तम झालाय. एकटीनं दोन वाट्या खाल्ल्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी

कृती लिहून झाली. सुंदर अक्षरात. सालांच्या पाण्याचं काही लिहिलेलं नाही. ते तर कुणीच लिहिलं नसतं. पण शेवटची ओळ माझी स्वतःची: "फोडी घातल्यावर मोठ्या चमच्याने सगळे नीट ढवळून एकजीव करावे. दोन मिनिटे."

आमच्या भागातल्या दहा वर्षांच्या पोरीनंही हे वाचलं तर हसेल. डोलोरस हसणार नाही. ती करेल! दोन मिनिटं म्हटलं तर घड्याळ लावून करेल.

२० जुलै, शुक्रवार

टपालात टाकली. पेटीच्या तोंडाशी जरा थांबले होते, पण टाकली.

२३ जुलै, सोमवार

चर्चमधली म्हातारी मिस यूला येऊन बसली होती. पंच्याऐंशीची झाली, पण नजर घारीची. होमकमिंगच्या टेबलावरच्या प्रत्येक भांड्याखाली कुणाच्या नावाची पट्टी आहे ते ही न उचलता सांगते. तिला सांगितलं, डोलोरस कॉब्लर आणणार आहे म्हणून.

"ती?" म्हातारी खुदखुदली. "अगं, ती मागं डब्यातले पीच घेऊन आली होती की! डब्यातले! ऐन पीचच्या हंगामात!"

डोळ्यांसमोर सगळं दिसतंय मला. टेबलावर तिचा कॉब्लर. एकेक बाई येते, चमचा घालते, थबकते, शेजारणीकडे बघते. तोंडावर कुणी काही बोलणार नाही. "वा, छान दिसतंय," म्हणतील आणि पुढे सरकतील. आणि जेवणं झाल्यावर सगळ्या रिकामी भांडी खडाखडा वाजवत नेतील, आणि ही आपलं भरलेलं भांडं तसंच्या तसं उचलून गाडीकडे चालत जाईल. आमच्याकडे याहून मोठी नाचक्की नाही. तिची ताठ मान खाली जाईल तेव्हा मी समोरच्याच बाकावर बसलेली असेन. निळा पोशाख घालणार आहे.

आणि हॉइटनंही बघावं. तवाच आहे ना! कॉब्लरच आहे ना!

२६ जुलै, गुरुवार

पत्र पोचलं असेल. फोन नाही.

३० जुलै, सोमवार

निळ्या पोशाखाचं बटण लावलं. इस्त्री केली. आज दिवसभर उकाडा.

२ ऑगस्ट, गुरुवार

डोलोरसचा फोन आला. काय लिहू? तिचेच शब्द लिहिते, म्हणजे मला नंतर वेगळं काही आठवायला नको.

"मोझेल, तुझे आभार कसे मानू? त्यानं खाल्लं! अख्खी वाटी खाल्ली!"

कुणी, म्हटलं.

"हॉइटनं. दहा दिवस पोटात काही राहत नव्हतं. एप्रिलपासून चाललंय. कॅन्सर. पोटातच आहे, आता यकृतातही. त्यानं शपथ घातली होती तुला सांगायचं नाही म्हणून. म्हणायचा, ती कीव म्हणून येईल, तशी नको. पण आईच्या कॉब्लरचं सारखं बोलायचा, म्हणून मीच तुला फोन केला. तेव्हाही खरं सांगता येईना. आज सांगितल्याशिवाय राहवलं नाही."

कसा केलास, म्हटलं.

"स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होता. मी फोडी घातल्या, चमचा घेतला. तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, नीट ढवळून एकजीव करावे. तर माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, 'हो. असंच. अजून ढवळ.' वर खरपूस नाही झालं गं, पण तो म्हणाला अगदी आईच्यासारखं. आता होमकमिंगला हाच करून आणते. त्याला यायचंच आहे."

अजून ढवळ!

त्याला माहीत होतं. बायकोच्या हातातलं पत्र ऐकताक्षणी त्याला कळलं मी काय केलंय ते. आणि तो लगदा त्यानं पोटात घातला. दुखऱ्या पोटात.

३ ऑगस्ट, शुक्रवार

मी हलकट बाई आहे.

४ ऑगस्ट, शनिवार

मेकनला जाऊन आले. स्वतः गाडी चालवली, चाळीस मैल. दार डोलोरसनं उघडलं. गळ्यातच पडली माझ्या. मला कुठं बघावं कळेना.

हॉइट म्हणजे नुसते डोळे आणि कान. मला बघून म्हणाला, "ताई, किती म्हातारी झालीस!" असला मेला. म्हटलं, तू कुठं फार तरुण दिसतोयस! हसला. हसताना पोट धरलं.

डोलोरस कॉफी करायला गेली तेव्हा हळूच म्हणाला, "दोन मिनिटं लिहिलं होतंस. हात भरून आले बिचारीचे."

"का खाल्लंस?" मला रडू फुटलं. "सांगायचं ना तिला!"

"काय सांगायचं? तू लिहिलंस, तिनं केलं. माझ्यासाठी तुम्ही दोघींनी मिळून केलेली ती पहिली गोष्ट, ताई. ती मी टाकून देऊ?"

मी म्हटलं, आत्ता आत जाते आणि तिला खरं सांगते. तर माझं मनगट धरलं. एवढ्याशा अंगात कुठून जोर आला कोण जाणे. "नाही सांगायचं. मी गेल्यावर तिला तुझ्याशिवाय इथं कोण आहे? तिला कळलं तर ती तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. वचन दे."

दिलं. न देऊन करते काय!

"अरे, पण होमकमिंगला सगळ्यांसमोर..."

"ते तू बघ," म्हणाला. आणि डोळे मिटले.

तवा अजून भिंतीवरच आहे. यावेळी जवळून पाहिला. कोठार आमचंच आहे, पत्र्याला गंज चढलाय तो कोपरासुद्धा. अंगणात हातपंपाशी एक बाई काढलीय, आईच्या निळ्या एप्रनमधली. नऊ वर्षांपूर्वी मी कोंबड्यांच्या पलीकडे बघितलंच नव्हतं. तरी तवा घासला तो घासलाच. ते मी माफ केलेलं नाही.

७ ऑगस्ट, मंगळवार

डोलोरसला फोन केला. म्हटलं, लांबून यायचं, कशाला त्रास, नुसत्या शेंगा उकडून आण. ऐकेना! "नाही नाही, हॉइट म्हणतो कॉब्लरच. मला आता हात बसलाय. काल परत केला होता. तीन मिनिटं ढवळला!"

देवा!

९ ऑगस्ट, गुरुवार

मिस यूला. "मग? येतेय का तुझी ओहायोवाली?" डोळे नुसते चमकत होते. मीच चेतवलं होतं तिला. आता म्हटलं, "माझी भावजय आहे ती, मिस यूला." म्हातारीनं विषय बदलला. पण किती वेळ? तिनं सगळ्यांना सांगून ठेवलंय. सगळ्या चमचे परजून बसल्यात. मला हवं होतं ते सगळं, जसंच्या तसं, मांडून तयार आहे. हॉइटला चाकांच्या खुर्चीत आणणार आहेत, टेबलाजवळच बसवणार. त्याच्यादेखत तिचं भरलेलं भांडं परत जाणार.

११ ऑगस्ट, शनिवार

पीच आणले. मोठं भांडं घासून ठेवलं. तळाला नवी पट्टी चिकटवली, नाव लिहिलं. उद्या हे डोलोरसच्या भांड्याला लागूनच ठेवायचं. चाळीस वर्षांत या भांड्यातून मी घरी एक चमचाही परत आणलेला नाही.

दिवसभर दुसरं काही सुचत नाहीये.

१२ ऑगस्ट, रविवार. सकाळी सात

लोणी चुरचुरलं. पीठ ओतलं. फोडी घातल्या, सालांचं पाणीसुद्धा घातलं. मग हात पाठीमागे बांधून जराशी उभी राहिले. आई, बघू नकोस. मोठा चमचा घेतला आणि ढवळलं. घड्याळ लावून, तीन मिनिटं.