दोन गोल आणि बिनदाराचं दुकान

अण्णा, मागच्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं लिहिलं. नगरच्या फुटबॉल संघाविरुद्धचा शेवटचा सामना एका गोलाने जिंकला तरी आपण त्यांच्या पुढे जातो, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. ते आपल्यापेक्षा तीन गुणांनी पुढे आहेत, जिंकलो तर गुण सारखे होतात, इथपर्यंत माझं बरोबर होतं. पुढे मी सगळ्या हंगामातल्या गोलांचा फरक धरला, कारण त्यात आपण सरस आहोत. पण नियमात आधी दोन संघांमधले आपसातले सामने बघतात, आणि त्यांच्या मैदानावर आपण दोन गोलांनी हरलो होतो. म्हणजे आता आपल्यालाही निदान दोन गोलांनी जिंकायला हवं; मग आपसातला हिशोब फिटतो आणि हंगामाचे गोल मोजले जातात. मागच्या पत्रातली ओळ मी खोडलेली नाही. चूक तशीच दिसू दे.

त्या पत्रात मी ‘समजा’ हा शब्दही वापरला होता, समजा आपण जिंकलो. लिहिताना तुमचं म्हणणं आठवलं नाही, वाचताना आठवलं. शाळेत जायच्या आधी मी वजाबाकी शिकले ती स्वयंपाकघरात, तुमच्याकडून. आई भाकरी थापतेय, तुम्ही कारखान्यातून येऊन पाटावर बसलाय, आणि फरशीवर वाट्या मांडताय. आपल्या देवळालीच्या वाट्या पितळेच्या, नगरच्या स्टीलच्या. आई म्हणते, “आता आमटी काय ओंजळीत वाढू?” तुम्ही एक स्टीलची वाटी तिला देता आणि मला विचारता, “त्यांचा एक गडी बाहेर गेला. आता किती?” एकदा मी म्हणाले होते, समजा आपण जिंकलोच. तुम्ही वाटी हातातच धरून म्हणालात, “समजा गणितात म्हणायचं. मैदानावर गडी मोजायचे.” मला वाईट वाटलं होतं. तुम्ही आवाज चढवला नव्हता, तरी.

तेव्हा गडी मोजते. नगरच्या संघाचा बचाव गटात सगळ्यांत चांगला आहे, पण त्यांना हिरवळीची सवय आहे. आपल्या मुरमाच्या मैदानावर चेंडू उसळतो आणि त्यांचे मागचे दोघे चुकतात. आपले निम्म्याहून जास्त गोल एकट्या पुढच्या खेळाडूचे आहेत. तो शिंगणापूरचा. शनीच्या देवळाजवळ त्याच्या आईचं तेल, रुईच्या माळा आणि काळ्या कापडाचं छोटं दुकान आहे. तो असेल तर दोन गोलांनी जिंकण्याची शक्यता मला चारात एक वाटते. तो नसेल तर मला आकडा सांगवत नाही. आणि हे याच वर्षी व्हायला हवं. उन्हाळ्यानंतर चौघे चाकण-रांजणगावला कामाला जाणार आहेत. तुम्ही उभा केलेला आणि आता मी शिकवते तो संघ वरच्या गटात गेला तर ते सुट्टीच्या दिवशी येऊन खेळू म्हणतात. या गटासाठी एवढ्या लांबून कोणी येणार नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

अडचण अशी की आपले सामने रविवारी असतात आणि हा शनिवारी आला. रविवारी मैदान शाळेने स्नेहसंमेलनाला घेतलंय. शनिवार, त्यातून अमावास्या, म्हणजे शिंगणापूरला जत्राच. नियोजन करणाऱ्यांनी कॅलेंडर पाहिलं नसावं. तारीख बदलायला दोन्ही संघांची संमती लागते म्हणून मी नगरच्या प्रशिक्षकांना फोन केला. भला माणूस आहे. म्हणाले, “मॅडम, तुमच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं. आणि माझ्या जागी तुम्ही असता तर नाहीच म्हणाला असता.” मी थोडा विचार केला आणि हो म्हणाले. ते हसले.

मग मी आणि कप्तान मोटरसायकलवर शिंगणापूरला गेलो. कप्तान आपल्याच गल्लीतला, ट्रॅक्टर दुरुस्त करतो, बोलायला कमी करत नाही. दुकानात आपल्या पुढच्या खेळाडूची आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मागच्या खोलीत पडून होती, आणि तो एकटा तेलाच्या बाटल्या भरत होता. म्हणाला, “ताई, आमोश्याला न्हाई जमायचं. वर्साची कमाई शनी-आमोश्याच्या दोन-चार दिसांत असती. लई गर्दी.”

“एक दिवस बंद ठेव की,” कप्तान म्हणाला.

“बंद करायला दार कुठं हाय?”

खरंच नव्हतं. शटर नाही, फळ्या नाहीत, पुढून सगळं उघडं.

“मग तसंच सोडून ये. तुमच्याकडं चोरी हुत न्हाई म्हनत्यात.”

“चोरी हुत न्हाई. पर इक्री बी आपोआप हुत न्हाई ना, भाऊ.”

आतून त्याची आई हसली. मीही हसले, आणि हसता हसता मला तुमचा तो सामना आठवला. मी सातवीत होते. तेव्हाही आपण नगरच्याच मागे होतो, कारखान्याचा गळीत हंगाम चालू होता, आणि मी सगळा सामना कडेला तुम्हाला शोधत राहिले. हरलो आपण. संध्याकाळी तुम्ही कारखान्यातून आलात, हाताला वेल्डिंगचा वास, आणि मी तुमच्याशी बोलले नाही. आई म्हणाली, “अगं, गोलकीपरच्या पाळीला हे गेले होते.” तुम्ही हात धुता धुता एवढंच म्हणालात, “मी आलो असतो तर तो आला नसता.” मला तेव्हा पटलं नव्हतं. माझं म्हणणं होतं की हरायचंच होतं तर तुम्ही तरी असायला हवे होतात.

मी म्हणाले, “शनिवारी दुकानात मी बसते.”

कप्तान माझ्याकडे बघतच राहिला. “कोच दुकानात आन दुकानदार मैदानात. नगरवाले हसून हसूनच हरतील.” मग हळू आवाजात, “ताई, बाकावर कोन मग?” मी म्हणाले, तू आहेस, खेळाडू कधी बदलायचे ते मी शुक्रवारी सांगून ठेवीन. त्याला ते आवडलं नाही. दुकानवाल्या मावशींनी मात्र मला आत बोलावलं आणि परीक्षा घेतली. तेल कसं ओतायचं, माळ कशी द्यायची. मग म्हणाल्या, “समदं येईल तुला, पोरी. पर गिऱ्हाइकाला हाक मारावी लागती. तू तर मैदानावर बी वरडत न्हाईस म्हनं.”

“मारीन.”

“मार बरं आत्ता.”

मी “या, माउली” म्हणाले. रस्त्यावरच्या एकाही माणसाने मान वळवली नाही. मावशी म्हणाल्या, “व्हईल, व्हईल,” पण त्यांना काळजी वाटलेली मला दिसली. तेव्हापासून मी घराच्या गच्चीवर जाऊन रोज ओरडून बघते. आई खालून विचारते, कोणाला बोलावतेस.

मुलं आता म्हणू लागलीत की ताई अण्णांवर गेली. पण तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही. तुम्हाला मैदानावर यायचं होतं आणि तुम्ही आला नाहीत. माझं तसं नाही. शेवटची दहा मिनिटं मला बघवत नाहीत. मी बुटांच्या नाड्या बांधत असल्याचं दाखवते. दुकानात बसायचं ठरलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं, आणि मग ते योग्य आहे की नाही याचा विचार केला. क्रम हाच होता. तरी तो पोरगा मैदानात असणं आणि मी नसणं, यात संघाचा फायदाच आहे. हे मी दोनदा पडताळून पाहिलंय, आणि या वेळी नियमही पुन्हा वाचलाय.

सामना दुपारी आहे. दुकानात मोबाईल बघायचा नाही असं मी स्वतःलाच सांगितलंय, नाहीतर गिऱ्हाइकाला तेल कमी पडायचं. हे पत्र तुमच्या फोटोमागे, मागच्या पत्राशेजारीच राहील. येत्या शनिवारी, अमावास्येला, पहिल्या एसटीने मी शिंगणापूरला जाणार आहे.